पाटीवरचा रवंथ

सर,

तुम्ही गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. रडू नंतर आलं, चांगलं भरपूर आलं, पण आधी आला तो एक मोठा श्वास. हे मी चारचौघांत बोलले तर लोक म्हणतील, काय बाई आहे ही, गुरू गेला आणि हिला हायसं वाटतंय! तुम्हाला मात्र सांगता येतं. तुम्ही म्हणाला असता, "सुनंदा, आधी लक्षण सांग, मग निदान." तर लक्षण हे असं आहे. आणि निदान असं की तुम्ही महिनाभर आधी गेला असतात, तर मी जन्मभर त्या म्हशीपाशी अडकून पडले असते.

पेपरात तुमच्याबद्दल छापून आलं. कुठे शिकलात, किती वर्षं जनावरांची सर्जरी शिकवलीत, किती डॉक्टर तयार केलेत, सगळं आलं. तुमच्या नियमाबद्दल एक ओळ नव्हती. वाचून मी तिथेच पेपर घडी करून ठेवला. म्हटलं, यांना काय माहीत!

मी तुमच्याकडे आले तेव्हा आपल्या इंदूरच्या मिली एकामागून एक बंद पडत होत्या. माझे बाबा एका मिलमध्ये टाइम ऑफिसात कारकून. हजारभर माणसांच्या येण्याजाण्याची वेळ लिहिणारा माणूस, आणि एका सकाळी मिलचा भोंगा वाजलाच नाही. त्यानंतर बाबा घराबाहेर पडेनासे झाले. गल्लीतली माणसं विचारतील, "काय भिया, आज छुट्टी?" याची त्यांना लाज वाटायची. दाढीसुद्धा तीन-चार दिवसांनी करायचे. अशा घरातून मी सर्जरीची ती दोन वर्षं करायला आले. बाकी सगळे त्याला नुसतं एम.व्ही.एस्सी. म्हणायचे, तुम्ही हट्टाने रेसिडेन्सी म्हणायचात. "रेसिडेंट म्हणजे राहणारा. जनावर इथे राहणार, तर तू पण इथेच राहणार. घर विसर, बस!"

आणि तो नियम. जनावराचं पोट उघडलं असेल, तर ते पुन्हा रवंथ करायला लागेपर्यंत उघडणाऱ्याने जेवायचं नाही. चहा चालेल, पाणी चालेल, घास नाही. गोठ्यातल्या प्रत्येक दाव्यापाशी एक दगडी पाटी टांगलेली असायची. तिच्यावर ताप, शेण, आणि शेवटी ती लाखमोलाची ओळ, रवंथ सुरू, आणि वेळ. ती ओळ लिहिली की मेसकडे पळायचं. माझ्या आधीच्या बॅचमधला एक जण नियम मोडून कचोरी खाताना सापडला, तर त्याला तुम्ही महिनाभर नुसतं शेण तपासायला बसवलं होतंत. आम्ही तुम्हाला पाठीमागे काय काय म्हणायचो ते आता नाही सांगत. मेलेल्या माणसाला शिव्या ऐकवू नयेत.

तरी तुम्ही मला आवडायचात, हेही इथेच सांगून टाकते. तोंडावर कधी म्हणाले नाही. तुम्ही गायीचं कोटीपोट, म्हणजे चारा साठतो ते पहिलं पोट, उघडून कोपरापर्यंत हात आत घालायचात आणि वर्तमानपत्र वाचल्यासारखं मोठ्याने वाचत सुटायचात. "ही बघ पन्नी, प्लॅस्टिकची, पलासियातल्या नव्या दुकानाची. हा शाम्पूचा पाऊच. हा गुटखा. अरे वा, केबलची वायर पण! बाजार खुला झाला म्हणतात ना, तो सगळा इथे येऊन पडलाय." आम्ही हसायचो, आणि तुम्ही एकेक वस्तू बादलीत टाकत जायचात. त्याच्या दोनच वर्षं आधी त्याच बादलीत फार तर एखादा खिळा नाही तर चप्पलचा तुकडा निघायचा.

मग मलमल आली.

गेंदालाल भियांची म्हैस. ते बाबांच्या मिलमध्ये नाही, दुसऱ्या मिलमध्ये सूतकताईला होते. मिल बंद झाल्यावर त्यांनी म्हैस बांधली आणि तिचं नाव ठेवलं मलमल. काळीकुट्ट म्हैस आणि नाव मलमल! ती त्याच बंद मिलच्या मागच्या ढिगाऱ्यावर चरायची. सहा महिन्यांची गाभण, चारा बंद, डावी भकाळ, ती बरगड्यांमागची खळगी, दगडासारखी कडक. तुम्ही म्हणालात, "सुनंदा, ही तुझी. मी फक्त उभा राहीन." माझं पहिलं ऑपरेशन, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या एकटीच्या हातचं. आतून काय निघालं ते आठवतं ना? सुताचा गोळा, माणसाच्या डोक्याएवढा, आणि त्यात गुंतलेल्या बारीक तारा. गेंदालाल भियांनी तो हातात घेतला, नळाखाली धुतला, एक धागा सोडवून बोटांत चोळला. "यो तो अपणा खाता को सूत है, साब," म्हणाले, म्हणजे त्यांच्याच कताई खात्याचं. मग गोळा खाली ठेवून ते बराच वेळ हात धूत राहिले.

ऑपरेशन झालं सकाळी दहाला. दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी मलमलचं तोंड हलेना. मी भकाळीला स्टेथोस्कोप लावून लावून थकले. आत थोडी गुडगुड होती, पण रवंथ काही नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आणि तेवढ्यात फाटकातून बाबा आले.

सायकलवरून. दाढी केलेले, इस्त्रीचा शर्ट घातलेले. हातात डबा. किती महिन्यांनी तो माणूस घराबाहेर पडला होता, सर! "तुझ्यासाठी पिठलं-भात आणलाय," म्हणाले, "मी केलंय. आईला हात लावू दिला नाही." आमच्या घरात बाबांनी तोपर्यंत चहासुद्धा केलेला मला आठवत नाही. लिंबाखाली बसून त्यांनी डबा उघडला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

काय करणार होते मी? म्हणणार होते, की बाबा, परत न्या, आमच्या सरांचा नियम आहे? ते उठले असते, डबा लावला असता, "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणाले असते, आणि पुन्हा घरात जाऊन बसले असते. मला ते दिसतच होतं. मी "हात धुऊन येते" म्हणाले, गोठ्यात गेले आणि मलमलच्या पाटीवर लिहिलं, "१२.४०, रवंथ सुरू." खाली सही. आणि येऊन जेवले. पिठल्यात मीठ जास्त होतं. मी तीनदा मागून घेतलं.

पुढचं मी तीस वर्षं रोज थोडं थोडं पाहिलंय. तुम्ही राउंडला आलात, पाटी वाचलीत. गोठा भरलेला, बाहेर एक बैल वाट बघत उभा. "हिला घरी जाऊ दे," म्हणालात. टेंपो आला. मी पुढे होऊन एवढंच म्हणायचं होतं, की सर, थांबा, ती ओळ खोटी आहे. पण तुम्ही बाबांशी बोलत उभे होतात. "तुमची मुलगी ना, हात तर चांगलाच आहे, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाटीवर खोटं लिहीत नाही." बाबांची मान इतकी ताठ झालेली मी मिल बंद झाल्यापासून पाहिली नव्हती. मलमल टेंपोत चढली, गेंदालाल भियांनी मला हात जोडले, आणि मी पण त्यांना हात जोडले.

दहाव्या दिवशी टाके काढायला मलमल आली नाही. अकराव्या दिवशीही नाही. मी रजिस्टर पुन्हा पुन्हा चाळलं. तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती, आणि तुम्ही काही बोलला नाहीत. मी समजून गेले. म्हणजे मला वाटलं, मी समजून गेले. मेली असणार. पोट फुगून मेली असणार, पोटातल्या रेडकासकट, आणि गेंदालाल भियांचं उरलंसुरलं जे काही होतं ते माझ्या दोन शब्दांनी गेलं. त्यानंतर त्यांच्या चाळीच्या रस्त्याने मी कधी गेले नाही. लग्न झालं, नोकरी लागली, मी स्वतः रेसिडेंट घ्यायला लागले, तरी तिकडून स्कूटर वळवायचीच.

बाबांनी मात्र त्या दिवसापासून घराबाहेर पडायला सुरुवात केली. पुढे एका दुकानात हिशेबनीस झाले. जाईपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, "हिचे सर काय म्हणाले माहीत आहे?" प्रत्येक वेळी मी उठून आत पाणी प्यायला जायचे.

आणि आपलं भांडण! माझ्या हाताखाली रेसिडेंट आले तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात तुमचा नियम बंद केला. वेळेवर जेवा, मग जनावरापाशी बसा. तुम्ही ऐकलंत आणि फोनवर जे बरसलात! "तू सर्जन नाही, ऑफिसर बनवते आहेस. भूक लागली नाही तर लक्ष कसं राहणार?" मी म्हणायचे, "भुकेला माणूस काय वाटेल ते लिहितो, सर." तुम्ही म्हणायचात, "माझ्या बॅचमध्ये कोणी नाही लिहिलं." दर दिवाळीला फराळाचं ताट समोर ठेवून आपण हेच भांडलो. काकू म्हणायच्या, "अहो, शंकरपाळे खा आधी, मग करा रवंथ." तुम्हाला वाटायचं मी आळसाची बाजू घेतेय. खरं कारण सांगायला तोंड उघडायचे आणि चकली घालून बंद करायचे.

मग तुमच्याच आतड्याला पीळ पडला. पलासियातल्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, सकाळीच. डॉक्टर बाहेर येऊन काकूंना म्हणाले, सगळं ठीक आहे, आता वायू सरला की पोट चालू झालं समजायचं, तोवर तोंडाने काही नाही. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला हसू यायला लागलं. हे तर आपलंच! ताप, वायू, मग घास. मी खाली कँटीनमध्ये गेले, पोहे घेतले, प्लेट हातात धरली आणि तशीच परत ठेवली. नाहीच गेला घास. ज्या नियमाशी तीस वर्षं भांडले, तो नियम मी पहिल्यांदा कुणी न सांगता पाळला. काकू रागावल्या, "अगं, वेडी का तू? तुझं वय काय, शुगर काय!" मी म्हटलं, "काकू, चहा चालतो. नियमात आहे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तुम्ही डोळे उघडलेत. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. माझ्याकडे बघून तुम्ही पहिलं काय विचारलंत? "खाल्लंस?"

"नाही. तुमचं अजून कुठे काय."

तुम्ही थोडं हसलात. नाकात नळी, ओठ कोरडे, आणि त्या अवस्थेत तुमचे डोळे अगदी वर्गातल्यासारखे झाले. "मग लिहून टाक की पाटीवर. रवंथ सुरू. तुला येतं ना."

सर, मी खुर्चीतून पडायचीच बाकी होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, म्हशीचं तोंड कोरडं ठाक, आणि तुझ्या हनुवटीला पिठलं! मी काय आंधळा होतो?"

मग तुम्ही थांबत थांबत सांगितलंत. मध्येच दम लागत होता, मी "राहू द्या" म्हणत होते आणि मनात म्हणत होते, थांबू नका, अजिबात थांबू नका. बाबांसमोर तुम्हाला काही बोलायचं नव्हतं. पिठल्याचा डबा, बाबांचा इस्त्रीचा शर्ट, सगळं तुम्ही पाहिलं होतंत. म्हणून टेंपो जाऊ दिलात आणि स्कूटर काढून मागोमाग गेलात. संध्याकाळपर्यंत मलमलची भकाळ चढायला लागली होती. नळी घालून तुम्ही वायू काढलात, चोळलंत, फिरवलंत, आणि तिथेच बसून राहिलात. सकाळी तिचं तोंड हललं. मगच गेंदालाल भियांच्या घरची ज्वारीची भाकरी खाल्लीत. "उपास तुझा होता," म्हणालात, "मी पूर्ण केला." टाकेही तुम्हीच घरी जाऊन काढलेत.

मला रडावं की तुम्हाला हलवावं ते कळेना. ऑपरेशन झालेल्या माणसाला हलवता येत नाही म्हणून वाचलात! "तीस वर्षं, सर! तीस वर्षं मी तिला मारलं असं धरून चालले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत?"

तुम्ही खरोखर चकित झालात. "बोललो नाही कसा? खरवस दिला ना तुला!"

आणि मला आठवला तो स्टीलचा डबा. चारेक महिन्यांनी तुम्ही माझ्या टेबलावर ठेवलेला. "घे, तुझ्याच पेशंटचा चीक आहे, काकूंनी खरवस केलाय." माझे पेशंट तेव्हा पन्नास होते! मला वाटलं, असेल कुणाचा तरी. मी तो उभ्याउभ्या खाल्ला, वेलदोडा जास्त झालाय असं म्हणाले, आणि डबा धुऊन परत केला. मलमल व्यायली होती, रेडी झाली होती, पहिल्या धारेचा चीक गेंदालाल भियांनी तुमच्याकडे पाठवला होता, आणि तो माझ्या पोटात गेला. मी ते मरण डोक्यावर घेऊन हिंडत होते आणि तुम्ही समजत होतात, पोरीला कळलंय, शरमली आहे, आता उगाच विषय नको. म्हणूनच भांडतानाही "कोणी नाही लिहिलं" म्हणून मला पांघरूण घालत होतात.

"नाव तरी घ्यायचंत, सर. नुसतं मलमल म्हणायचं."

"हो," म्हणालात. "ते चुकलं माझं." तुमच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि लगेच पुढे, "पण नियम बरोबर होता."

"नाही हं सर. नियमच चूक होता."

"तू चुकलीस. नियम बरोबर."

काकू आल्या आणि म्हणाल्या, "झालं सुरू? म्हणजे बरे आहेत." त्याच दुपारी वायू सरला. सिस्टरने सांगितल्यावर आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खाटेवरचे लोक बघत राहिले. मी खाली जाऊन दोन प्लेट पोहे खाल्ले, वर जलेबी, शुगर गेली खड्ड्यात.

घरी गेल्यावर तुम्ही वीस-एक दिवस छान होतात. मी एकदा येऊन गेले, तेव्हा आपण मलमलबद्दल बोललो नाही, माझ्या गुडघ्यांबद्दल बोललो. काकू सांगतात, त्या दुपारी वरण-भात जेवलात, आरामखुर्चीत बसलात, "जरा पडतो" म्हणालात, आणि तसेच. भुकेले नव्हतात. याचं मला फार बरं वाटतं, तुम्ही काहीही म्हणा.

तुमचा तेरावा झाल्यावर मी पहिल्यांदा चाळीच्या त्या रस्त्याने गेले. गेंदालाल भिया आता नाहीत. चाळही अर्धी पडली आहे, मिलच्या जागी मोठ्या बिल्डिंगा उभ्या आहेत. कुणाला काही विचारलं नाही. नुसती स्कूटर हळू चालवत गेले आणि आले.

दुसऱ्या दिवशी रेसिडेंटना गोळा करून सगळं सांगितलं. माझी खोटी ओळ, पिठलं, टेंपो, तुमची स्कूटर, खरवस, सगळं. निकिता म्हणून एक आहे, पहिल्या वर्षाची, फारशी बोलत नाही. तिने विचारलं, "मॅम, मग सरांचा रूल परत चालू करायचा?" मी म्हटलं, नाही. जेवायचं. पण पाटीवर खरं लिहायचं, मग काहीही होवो.

काल तिने एक गाय केली. पोटातून दोन बादल्या पन्नी. दुपारी राउंडला गेले तर पाटीवर लिहिलेलं, "१.१५, रवंथ नाही. मी लंच केलं. निकिता." मी ती ओळ दोनदा वाचली. स्टूल ओढलं आणि निकिताशेजारी बसले. मी जेवले नव्हते, सर. का नव्हते ते विचारू नका, आणि त्यावरून जिंकल्यासारखं करू नका.

चारला दहा कमी असताना गायीने मान जरा वर केली, गळ्यातून काहीतरी वर सरकलं, आणि जबडा एका बाजूने हलायला लागला. निकिता खडू घेऊन उठली आणि माझ्याकडे वळली. "मॅम, लिहू?"

"तू पाहिलंस ना?"

"हो."

"मग लिही."

तिने लिहिलं. मग मी जेवले.